मानसिक आजारात कामाला येणारा सर्व्हिस डॉग: पुण्यात राहून कसा निवडायचा, कसा शिकवायचा

माझ्या धाकट्या बहिणीला पॅनिक अटॅक यायच्या तीन-चार मिनिटं आधी तिचा उजवा अंगठा शेजारच्या बोटाच्या नखाजवळची कातडी खरवडायला लागतो. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही, आणि आज आमची कुत्री बाजरी तो अंगठा हलायला लागला की असेल तिथून उठते, हाताखाली नाक घालते आणि हात वर उडवते. हात उडाला की बहीण भानावर येते, जागा मिळेल तिथे बसते, बाजरी तिच्या मांडीवर आडवी पडते आणि बऱ्याचदा तो अटॅक तिथेच विरतो. कधी विरत नाही, पण मग वीस मिनिटांचा असतो तो सात-आठ मिनिटांत उतरतो. नळ स्टॉपच्या फुटपाथवर भर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बहिणीला अपघातानंतर पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आणि पॅनिक डिसऑर्डर (अचानक प्रचंड भीतीचे झटके येणं) आहे, औषधं आणि थेरपी दोन्ही चालू आहेत. हे सगळं तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहितेय. ओळखीतले खूप जण विचारतात की आम्हालाही असा कुत्रा घ्यायचाय, कुठे मिळतो. तयार मिळतो असं धरून चालू नका, तो घडवावा लागतो, साधारण दीड ते दोन वर्षं जातात, आणि सुरुवात कुत्र्यापासून होतच नाही.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा

घरातला लाडका कुत्रा जवळ येऊन बसला की बरं वाटतं, हे खरंच आहे, कोण नाही म्हणेल. पण सर्व्हिस डॉग म्हणजे एका ठरावीक माणसाच्या ठरावीक त्रासासाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. अमेरिकेतल्या अपंगांच्या १९९० च्या कायद्याखालचे नियम हीच रेघ मारतात: काम शिकवलेलं असेल तर तो सर्व्हिस डॉग, मग आजार शरीराचा असो की मनाचा, आणि नुसत्या असण्याने आधार देत असेल तर तो इमोशनल सपोर्ट ॲनिमल, त्याला सर्व्हिस डॉगचे हक्क नाहीत. तिसरा प्रकार थेरपी डॉग, तो आपल्या सांभाळणाऱ्या माणसाबरोबर शाळेत, हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात जाऊन दुसऱ्या लोकांना आधार देतो. आपल्याकडे ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था करतात ते काम या तिसऱ्या प्रकारातलं. तिघांचंही मोल आहे, पण तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते आधी ठरवा, कारण बऱ्याच जणांना खरं तर एक चांगला पाळीव कुत्रा पुरतो आणि मग दोन वर्षांच्या ट्रेनिंगचा भार उगाच कशाला घ्यायचा.

कुत्र्याला कळतं कसं, हा प्रश्न सगळेच विचारतात. एक तर त्याला आपलं शरीर वाचता येतं, श्वास, पाय हलवणं, आवाजातला बदल. आणि दुसरं म्हणजे वास. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लोकांना मनातल्या मनात अवघड गणितं करायला लावून त्याआधीचे आणि नंतरचे घाम-श्वासाचे नमुने घेतले, आणि चार कुत्र्यांनी ताणानंतरचा नमुना ९३.७५ टक्के वेळा बरोबर ओळखला. म्हणजे ताण आला की माणसाचा वास बदलतो आणि कुत्र्याला तो कळू शकतो. पण वास आला तर काय करायचं हे कुत्र्याला उपजत येत नाही, ते शिकवावं लागतं.

उपयोग किती होतो याबद्दलही खरं तेच सांगते. अमेरिकेत १५६ माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात तीन महिन्यांनंतर सर्व्हिस डॉग असलेल्यांची पीटीएसडीची, चिंतेची, नैराश्याची लक्षणं नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसली. त्याआधी तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने सर्व्हिस डॉग आणि इमोशनल सपोर्ट डॉग यांची तुलना केली होती, त्यात पीटीएसडीच्या लक्षणांत थोडा फायदा दिसला पण रोजचं जगणं किती जमतं यात दोन गटांत फरक निघाला नाही. म्हणून औषध बंद करून कुत्रा, असा विचार कुणी करत असेल तर आत्ताच सोडा. कुत्रा उपचारांच्या जोडीला असतो.

पायरी १: पंधरा दिवस वही

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळं फसतं. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर, प्रत्येक वाईट वेळ लिहून काढा. "आज खूप टेन्शन आलं" हे चालणार नाही. किती वाजता, कुठे, आधी काय चाललं होतं, शरीरात पहिलं काय झालं (हाताला मुंग्या, घशाला कोरड, पाय थरथरणं), मग काय, किती वेळ टिकलं, कशाने उतरलं, आणि त्या वेळी काय करणं तुम्हाला जमलं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कारण कुत्र्याचं काम तिथूनच निघतं.

आमच्या वहीत असं निघालं: अंगठा खरवडते आणि तिला कळत नाही. अटॅकमध्ये दुकानातून बाहेर पडायचं दार सापडत नाही. रात्री स्वप्नात ओरडते आणि कुणीतरी उठवेपर्यंत त्यातून बाहेर येत नाही. नऊचं औषध आठवड्यातून दोनदा तरी राहतं. मागून कुणी अगदी जवळ येऊन उभं राहिलं की थिजते. झाली पाच कामं. वेगळ्या माणसाची वही वेगळी असेल. नैराश्यात सकाळी अंथरुणातून उठणंच होत नाही, तिथे पांघरूण ओढणारा, उठेपर्यंत हात चाटणारा कुत्रा लागतो. ज्यांना नसलेली माणसं दिसतात किंवा आवाज ऐकू येतात त्यांच्यातले काही जण कुत्र्याला "बघ" म्हणून खोलीतल्या माणसाकडे जायला शिकवतात, आणि कुत्रा कुणाकडेच गेला नाही तर तिथे कुणी नाही हे ताडून बघता येतं.

अंगठ्याचं मात्र लिहिण्यातून नाही कळलं, आई शेजारी बसून बघत होती तिला ते दिसलं. म्हणून वहीत घरातल्या एखाद्या माणसालाही लिहू द्या.

पायरी २: ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा

सायकायट्रिस्ट आणि थेरपिस्ट दोघांना दाखवा आणि सरळ विचारा की कुत्र्याने हे काम केलं तर माझ्या उपचाराला मदत होईल की अडथळा. अडथळाही होतो, खरंच. ओसीडी (तेच तेच विचार येणं आणि तेच तेच करत राहणं, असा आजार) असलेला माणूस गॅस बंद आहे का, कडी लावली का हे कुत्र्याकडून तपासून घ्यायला लागला तर तो कुत्रा आजाराचाच एक भाग होऊन बसतो. बाहेर पडायची भीती असलेल्याला कुत्रा बाहेर काढू शकतो, पण पुढे कुत्र्याशिवाय कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जाता येत नाही असं व्हायला नको. आमच्या थेरपिस्टनी घरात शिरल्यावर कुत्र्याने सगळ्या खोल्या हुंगून याव्यात हे काम नको सांगितलं, कारण त्याने "घरात धोका असू शकतो" हाच विचार पक्का झाला असता. काही जणांना ते काम उपयोगी पडतही असेल, ते ठरवायला तुमचा थेरपिस्ट लागतो.

आणि आत्ता या घडीला जीव नकोसा झालाय, स्वतःला इजा करायचे विचार येतायत अशी अवस्था असेल तर कुत्र्याचा विषय बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. आधी तिथे जा. पिल्लू आणल्यावरचे पहिले सहा महिने रात्रीची झोपमोड, घाण पुसणं, फर्निचर चावणं यातच जातात, त्याने ठणठणीत माणूसही रडकुंडीला येतो.

पायरी ३: दुसरा माणूस कोण, ते नाव ठरवा

बहीण आजारी पडली, ॲडमिट झाली किंवा नुसतं आठवडाभर अंथरुणातून उठली नाही तर कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण, खायला घालणार कोण? "बघू सगळे मिळून" हे उत्तर नाही. एक नाव पाहिजे. आमच्याकडे ते माझं आहे. महिन्याचा खर्चही कागदावर मांडा, खाणं, डॉक्टर, लशी, गोचिडांचं औषध, ट्रेनर, आणि वर अचानकच्या दुखण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे. चांगला सर्व्हिस डॉग दोन वर्षांचा झाल्यावर कामाला लागतो आणि साधारण आठ-दहा वर्षांचा झाला की थांबतो, त्यानंतरही तो तुमच्याच घरात म्हातारा होणार असतो. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, कुणाला कुत्र्याची मनापासून भीती असेल तर ते आधी बोला. आमच्या आजीचा देवघरापुरता आक्षेप होता, तर बाजरीला देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबायला शिकवलं, विषय मिटला.

पायरी ४: कुत्रा निवडणं

ब्रीडवर लोक तासन्‌तास बोलतात. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या कामात जास्त दिसतात कारण माणसाबरोबर काम करायला त्यांना आवडतं, पण दोघांत खुब्याच्या सांध्याचा त्रास असतो, म्हणून आई-बापाचे एक्सरे बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. गोल्डनला पुण्याचा एप्रिल-मे सोसत नाही. आपले देशी कुत्रे उन्हाला काटक, हुशार, पण सावध आणि आपल्या हद्दीबाबत कडक असू शकतात, सगळेच नाही. बाजरी लॅब आणि देशीचं मिश्रण आहे, रंग भिजवलेल्या बाजरीच्या पिठासारखा म्हणून नाव बाजरी, वजन २२ किलो. मांडीवर दाब द्यायला एवढं वजन पुरतं.

ब्रीडपेक्षा स्वभाव बघा, आणि तो बघायची एक घरगुती पद्धत सांगते. पिल्लापासून सात-आठ फुटांवर स्टीलचं ताट जमिनीवर पाडा. दचकणार, सगळेच दचकतात, ते मोजायचं नाही. दचकल्यावर किती वेळात परत ताटाकडे येऊन हुंगतं ते मोजा. आम्ही बघितलेल्या पाच पिल्लांत एक भुंकत राहिलं, दोन टेबलाखाली गेली ती बाहेरच येईनात, एकाने ढुंकूनही बघितलं नाही, आणि बाजरी दचकली, मान वाकडी केली आणि दहा सेकंदात ताट चाटायला लागली. असं लवकर सावरणारं पिल्लू पाहिजे. शिवाय अनोळखी माणसाच्या मागे येतं का, हातात धरल्यावर थोडं धडपडून मग सैल पडतं का, हेही बघा, आणि एकाच दिवशी ठरवू नका, दोनदा जा.

घरात आधीच कुत्रा आहे, त्यालाच शिकवलं तर चालेल का? स्वभाव बसत असेल तर चालेल. पण भित्रा किंवा अंगावर जाणारा असेल तर नाही, कितीही लाडका असला तरी नाही. मोठ्या संस्थांनी खास वाढवलेली पिल्लंही पुष्कळ वेळा शेवटपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा आपलं पोचलं नाही तर तो पाळीव कुत्रा म्हणून आपल्याकडेच राहणार हे घेतानाच मान्य करा.

पायरी ५: पाया

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं. लशी पूर्ण झालेल्या नसतात म्हणून जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन हिंडवा. आम्ही तिला शबनम बॅगमध्ये घालून कर्वे रोडला नेलं, मंडईच्या बाहेर उभं राहून भाजीवाल्यांचा आरडाओरडा ऐकवला, रिक्षा, हेल्मेटवाली माणसं, छत्र्या, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं दुरून आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी चांगलं देत.

शिकवायची पद्धत एकच ठेवा: बरोबर केलं त्या क्षणी एक ठरलेला आवाज, आम्ही तुटक "हां!" म्हणतो, आणि लगेच हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा, शाकाहारी घरात पनीर. पाच मिनिटांचे तीन-चार धडे दिवसातून, जास्त नाही. सुरुवातीला आमच्याकडे आलेला ट्रेनर चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून झटके देणारा होता, तिसऱ्या दिवसापासून त्याच्या बाइकचा आवाज आला की बाजरी पलंगाखाली जायची, मी त्याला बंद केलं आणि ते आधीच केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मार खाल्लेला कुत्रा चूक होईल म्हणून स्वतःहून काहीच करत नाही, आणि आपल्याला तर न सांगता उठून येणारा कुत्रा हवाय. ट्रेनर ठरवताना विचारा की कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, शॉक कॉलर, "बॉस कोण ते दाखवायचं" असलं काही आलं तर नमस्कार करा.

हुकमाचे शब्द मराठीत ठेवले तर घरातल्या सगळ्यांना जमतात, फक्त एक काळजी घ्या. आम्ही "बस" शिकवलं आणि आई फोनवर "बस झालं", "बस चुकली" म्हणाली की बाजरी टुणकन बसायची, मग गोंधळायची. शेवटी "बैठक" केलं. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द निवडा. बैठक, थांब, सोड, पट्टा न ताणता शेजारी चालणं, जमिनीवर पडलेलं न खाणं, आणि हॉटेलात टेबलाखाली तासभर गप पडून राहणं, एवढं पक्कं झाल्याशिवाय कामाकडे वळू नका. असिस्टन्स डॉग पार्टनर्सची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या मते सहा महिन्यांत मिळून कमीत कमी १२० तास ट्रेनिंग हवं आणि त्यातले ३० तास तरी बाहेर लोकांत. आम्हाला याच्या दुपटीहून जास्त लागले.

पायरी ६: प्रत्यक्ष कामं

मांडीवरचा दाब आधी शिकवा, कारण ते सोपं आहे आणि त्याचा फायदा लगेच जाणवतो. सोफ्यावर बसा, तुकडा मांडीच्या पलीकडे धरा, पुढचे पाय मांडीवर आले की "हां!" आणि तुकडा. दहा-बारा वेळा झालं की "वर" हा शब्द जोडा. मग वेळ वाढवा, दोन सेकंद, पाच, वीस, मिनिट, पुढे पाच मिनिटं. उतरायचाही शब्द लागतो, आमचा "मोकळी". नंतर हेच जमिनीवर बसून, पलंगावर, बागेतल्या बाकावर. काही लोकांना वजन अंगावर आलं की उलट कोंडल्यासारखं होतं, त्यांनी फक्त हनुवटी मांडीवर ठेवायला शिकवावं.

आता खुबी इथे आहे. वहीत सापडलेली पहिली खूण, आमच्याकडे अंगठा, ती शांत दिवशी मुद्दाम करायची. बहीण अंगठा खरवडायची, लगेच हात खाली करून "नाक" म्हणायची, बाजरी हाताला नाक लावायची, तुकडा. खूण, शब्द, काम, बक्षीस, हाच क्रम शेकडो वेळा. हळूहळू शब्द उच्चारायला उशीर करायचा. साधारण सातव्या आठवड्यात बहीण टीव्ही बघत होती, खरोखरच नकळत अंगठा हलला आणि बाजरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आली. बहीण त्या दिवशी खूप रडली. खरा अटॅक चालू असताना शिकवू नका, त्या वेळी तुमचा आवाज, वास सगळं बदललेलं असतं, कुत्रा घाबरला तर तेच त्याच्या डोक्यात बसेल.

रात्रीच्या स्वप्नांसाठी मदतनीस लागतो. मी पलंगावर पडून कण्हायचे, हातपाय हलवायचे, आणि बाजरीने पलंगाबाहेर लोंबणाऱ्या हाताला नाक लावून मागे सरकायचं. हे मागे सरकणं शिकवाच. दचकून जागा होणारा माणूस हात झटकतो, एक फटका कुत्र्याच्या तोंडावर बसला की ते काम तो पुन्हा करणार नाही. चेहऱ्याजवळ तर कधीच जाऊ द्यायचं नाही. पुढे आम्ही पलंगाशेजारी पंजाने दाबता येईल असा मोठा बटणाचा दिवा ठेवला, आता उठवून झालं की ती दिवाही लावते.

औषधाचं काम दिसायला गोड पण जपून करण्याचं आहे. नऊचा अलार्म वाजला की बाजरी लाल डबा आणून मांडीवर ठेवते. डबा जाड प्लॅस्टिकचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा, त्याला सुती कापडाचं हँडल बांधलंय आणि ती फक्त हँडल धरते. नुसती स्ट्रिप किंवा कापडी पाऊच कुत्र्याच्या तोंडात कधीही देऊ नका, साधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसुद्धा कुत्र्याला विषारी आहे, मनाच्या आजाराची औषधं तर सोडाच.

दार शोधणं आम्ही आधी घरात, मग बिल्डिंगच्या जिन्यात, मग ओळखीच्या किराणा दुकानात शिकवलं, "दार" म्हटलं की आलो त्या दाराकडे ओढत न्यायचं. आणि रांगेत "मागे" म्हटलं की बाजरी बहिणीच्या पाठीमागे आडवी उभी राहते, त्यामुळे मागच्या माणसाला आपोआप दोन फूट लांब थांबावं लागतं. गुरगुरायचं अजिबात नाही, फक्त उभं राहायचं. माणसांपासून राखण करणारा कुत्रा सर्व्हिस डॉग होऊ शकत नाही.

पायरी ७: पुण्यात बाहेर पडताना

परदेशातल्या व्हिडिओंत दिसत नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे, भटकी कुत्री. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली. आम्ही रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने जायला सुरुवात केली आणि त्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या काकूंशी ओळख केली, त्यांनी पंधरा दिवस आमच्याबरोबर उभं राहून ओळख करून दिली आणि त्या गल्लीचा प्रश्न संपला. नवीन भागात मोठी छत्री जवळ ठेवा, अंगावर आली तर पटकन उघडून मध्ये धरा. दगड नको, पळायचं तर अजिबात नाही.

मार्चपासून पुढे डांबरावर पाच-सात सेकंद तळहात टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसत नाही. सरावाची जागा टप्प्याटप्प्याने वाढवा: सकाळची टेकडी, मग बाग, मग दुपारी रिकामं हॉटेल, फर्ग्युसन रोड अगदी शेवटी. तुळशीबाग आम्ही अजून टाळतो, तिथल्या गर्दीत पंजे तुडवले जातात.

लोक येऊन हात लावतात, त्यांना माहीत नसतं. बहिणीला त्या वेळी बोलणं जड जातं म्हणून एक वाक्य पाठ केलंय: "काकू, ती आत्ता कामावर आहे, नंतर करा लाड." बहुतेक जण ऐकतात, मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

पायरी ८: कागदपत्रं

भारतात मानसिक आजारासाठीच्या सर्व्हिस डॉगला सगळीकडे प्रवेश देणारा वेगळा कायदा नाही, त्यांची सरकारी नोंदणीही नाही. ऑनलाइन कुणी "सर्व्हिस डॉग सर्टिफिकेट" विकत असेल तर पैसे घालवू नका, अगदी अमेरिकेतही असं सर्टिफिकेट कायद्याने लागत नाही. जॅकेट घातलं म्हणून हक्क मिळत नाही, त्याने फक्त लोकांना कळतं.

हाताशी काय आहे ते सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यात येतो. ठरलेली तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त निघालं तर कायद्यातल्या खास सवलती लागू होतात, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. याच कायद्यात "वाजवी सोयी"ची कल्पना आहे, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांसारखं वावरता यावं म्हणून करून दिलेला गरजेपुरता बदल, तिचा आधार घेऊन ऑफिस किंवा कॉलेजला लेखी विनंती करता येते. सोबत सायकायट्रिस्टचं पत्र जोडा, त्यात आजाराचा इतिहास नको, कुत्रा नेमकी कोणती कामं करतो आणि ती का लागतात एवढंच. महापालिकेचा पाळीव कुत्र्याचा परवाना काढा आणि वेळेवर रिन्यू करा. रेबीजच्या लशीचा कागद आणि परवाना मोबाइलमध्येही ठेवा.

सोसायटीने आम्हाला नोटीस दिली होती की कुत्रा लिफ्टमध्ये न्यायचा नाही, चौथा मजला आहे आमचा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की सोसायटी ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. त्याची प्रिंट घेऊन गेले, पण भांडले नाही, चेअरमनकाकांना घरी चहाला बोलावलं आणि बाजरीने लाल डबा आणलेला दाखवला. नोटीस मागे घेतली गेली. लिफ्टमध्ये कुणी घाबरणारं असेल तर आम्ही पुढची लिफ्ट घेतो, तेवढं आपणही करायला हवं. हॉटेलात, दुकानात, दवाखान्यात जायच्या आधी फोन करून विचारा. रेल्वेत फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा बरोबर नेता येतो, स्लीपर आणि थ्री टिअरमध्ये नाही.

तिची तब्येत आणि तिची सुट्टी

लशी वेळेवर, रेबीजची दरवर्षी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्याची लस विचारून घ्या. पाऊस उघडला की गोचीड वाढतात आणि गोचीडतापाने धडधाकट कुत्रा चार दिवसांत आडवा होतो, रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट वर्ज्य, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा.

दिवसभर कुणाचा तरी ताण हुंगत राहणं हे कष्टाचं काम आहे. सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, ही थकल्याची चिन्हं आहेत. आम्ही हार्नेस (कामाच्या वेळी अंगावर बांधायचा पट्टा) काढला की काम संपलं असं ठेवलंय. हार्नेस निघाला की बाजरी आधी अंग झटकते, मग गॅलरीत जाऊन जुन्या सतरंजीवर पाय वर करून लोळते, त्या वेळी तिला कुणी काही सांगत नाही. रविवारची संध्याकाळ पूर्ण सुट्टी, टेकडीवर मोकळं हुंगणं.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, तेव्हापासूनच तयारी करा. दोन महिने आधी मोबाइलवर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून जेवण द्यायचं, दर तीन-चार दिवसांनी थोडा आवाज वाढवायचा. ढोलाला बाजरी आता कान टवकारून बघते आणि सोडून देते. सुतळी बॉम्बचं मात्र जमलं नाही, दोन वर्षं प्रयत्न केला, डॉक्टरांनाही दाखवलं. बहिणीलाही तो आवाज सोसत नाही, म्हणजे दोघी एकदमच कोसळतात. म्हणून दिवाळीचे चार दिवस बाजरीचा हार्नेस खुंटीवरच असतो, आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा फुल करून दोघी गोधडीत बसतात, आणि रात्री नऊला अलार्म वाजला की लाल डबा मी नेऊन देते.